लघवीच्या तपासणीत गर्द, ट्रामाडोल किती दिवस दिसतं?

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर. तिच्यातलं हेरॉईन अंगात गेल्यावर काही मिनिटांतच बदलतं. हेरॉईनचीच म्हणावी अशी खूण लघवीत साधारण ८ तास, फार तर एक दिवस सापडते. मागे उरतं मॉर्फिन, ते २ ते ३ दिवस दिसतं. खोकल्याच्या औषधातलं कोडीन १ ते ३ दिवस, ट्रामाडोल २ ते ४ दिवस. फेंटानिल रोज घेणाऱ्याच्या चरबीत साठतं, म्हणून आठवडाभर किंवा जास्तही सापडतं.

खरी गोम पट्टीत आहे. साधी 'ओपिएट' पट्टी मॉर्फिन-कोडीन पकडते. ट्रामाडोल, फेंटानिलसाठी वेगळी पट्टी लागते. त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे पोरगं सुटलं असं नाही. शिवाय ही पट्टी गरोदरपणाच्या पट्टीच्या उलट वाचायची: दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह, कंट्रोलची एकच रेघ म्हणजे पॉझिटिव्ह. अनारशाची, वाटणातली खसखस भरपूर खाल्ली तरी पॉझिटिव्ह येऊ शकतं. आरोप करण्याआधी लॅबमधून खात्री करावी.

गर्दमध्ये पॅरासिटामॉल, कॅफीनची भेसळ असते, ती या पट्टीवर उमटत नाही. अमेरिकेत फेंटानिलमध्ये जनावरांच्या गुंगीचं झायलाझिन मिसळलेलं सापडतं. त्याचीही तपासणी वेगळी, आणि नॅलोक्सोनचा उतारा त्यावर चालत नाही.

काही दिवस नशा बंद राहिली की अंगाची सवय मोडते. मग जुनाच डोस जीव घेऊ शकतो. श्वास मंदावला, ओठ निळे पडले तर लगेच १०८ ला फोन करावा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक मोफत आहे.