चाऊस आणि त्यांचे हद्रमौत

हैदराबादेत किंवा मराठवाड्यात ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या आहेत, त्यांना 'चाऊस' हे आडनाव नवे नाही. परभणी, नांदेड, बीड या बाजूला बापाच्या नावाआधी 'बिन' लावणारी ही कुटुंबे आपल्याइतकेच सफाईदार मराठी बोलतात. शब्द मूळचा तुर्की, लष्करातल्या हुद्द्याचा; इथे तो एका जमातीचे नाव होऊन बसला. हैदराबादेत यांची मोठी वस्ती बारकस येथे आहे. तेही नाव 'बराक्स'वरूनच आले, कारण निजामाच्या अरब पलटणींचे तळ तिथे होते.

होमिओपथीत रोग्याची हकीकत लांबलचक लिहून घ्यावी लागते, आणि मूळ गाव विचारण्याची माझी जुनी सवय आहे. काही वर्षांपूर्वी बारकसचे एक वृद्ध सांधेदुखीसाठी माझ्याकडे येत. मूळ गाव विचारताच ते म्हणाले, "हद्रमौत, डॉक्टरसाब." तिथे कधी गेला होता, असे विचारले तर हसले. ते गेले नव्हते, त्यांचे वडीलही गेले नव्हते. पण येमेनमधल्या युद्धात चूक कोणाची, मुकल्ला बंदर कोणाच्या हाती असायला हवे, हे त्यांनी मला अर्धा तास ठासून सांगितले. ते गेल्यावर माझ्या मनात एक प्रश्न राहिला. न पाहिलेल्या देशाबद्दल माणूस एवढ्या खात्रीने कसा बोलतो? आणि दूर बसलेल्यांच्या अशा बोलण्याने त्या देशाचे काही बरेवाईट होते का? शोध घेऊ लागलो, तेव्हा त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्याच हैदराबादेत सापडले. तेच आपल्यापुढे ठेवतो.

हद्रमौत हा दक्षिण अरबस्तानातला, आज येमेनमध्ये मोडणारा प्रदेश. किनाऱ्यावर मुकल्ला आणि शिहर ही बंदरे. आत कोरड्या डोंगरपठाराच्या पोटात एक लांब खोरे, आणि त्यात शिबाम, सेयून, तरीम ही गावे. शिबामच्या मातीच्या उंच हवेल्या जगभर प्रसिद्ध आहेत. पाऊस थोडा, शेती खजुराची आणि ज्वारीची, टोळ्यांची भांडणे पिढीजात. अशा मुलखात घरटी एखादा मुलगा समुद्रापार जाणे हा जगण्याचाच एक मार्ग होता. व्यापारी आणि सय्यद घराण्यांतले लोक बहुतेक जावा, सिंगापूर आणि पूर्व आफ्रिकेकडे गेले. बंदूक चालवणारे हिंदुस्थानात आले.

हे बंदूकवाले आपल्या इतिहासात जागोजागी भेटतात. बडोद्यात गायकवाडांच्या पदरी अरबांची शिबंदी होती आणि दरबारच्या करारमदारांना व कर्जांना तिचे सरदार हमी राहत. ही हमी इतकी वजनदार झाली की १८०२ च्या अखेरीस इंग्रजांना बडोद्याला वेढा घालून अरबांना बाहेर काढावे लागले. १८१७ च्या डिसेंबरात नागपूर शहर भोसल्यांच्या अरबांनी लढवले. १८१८ च्या मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांशी झुंजले तेही अरबच. मराठी राज्ये बुडाली तेव्हा या शिपायांना मोठा आसरा उरला तो निजामाचा.

खरी नवलाची कथा इथून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निजामाच्या चाकरीत तीन बडे अरब जमादार होते: यफई टोळीचा उमर बिन अवद अल्-कुऐती, अब्दुल्ला बिन अली अल्-औलकी आणि जुन्या राजघराण्यातला गालिब बिन मुहसिन अल्-कथीरी. (कुऐती म्हणजे कुवेतचा नव्हे, हे घराण्याचे नाव आहे.) तिघेही हैदराबादेत पगार खात, जहागिरी सांभाळत, सावकारी करत; आणि तिघांचाही डोळा हद्रमौतच्या राज्यावर होता. म्हणजे एका दरबारात शेजारी उभे राहून सलाम करणारी ही माणसे समुद्रापलीकडे एकमेकांवर फौजा घालत होती. इथली मिळकत तिथे दारूगोळा होऊन जात होती. १८५८ मध्ये शिबाम पूर्णपणे कुऐतींच्या ताब्यात आले. १८६६ मध्ये कथीरींनी शिहर घेतले, आणि पुढच्याच वर्षी कुऐतींनी ते त्यांच्याकडून हिसकावले. १८८१ मध्ये इंग्रजांच्या मदतीने मुकल्लाही कुऐतींकडे गेले, आणि १८८८ च्या तहाने ते इंग्रजांचे संरक्षित झाले. एडनचे इंग्रज अधिकारी हैराण होते, कारण भांडण अरबस्तानात आणि भांडणाची थैली हैदराबादेत. ही थैली बंद करावी म्हणून त्यांना निजामाचे दिवाण सालारजंग यांच्यावर दडपण आणावे लागले.

या यशाचा अर्थ नीट पाहा. हद्रमौतचा मोठा भाग ज्या घराण्याच्या राज्यात आला, ते घराणे सुलतान झाल्यावरही आपल्या नावामागे 'जमादार' ही हैदराबादी पदवी लावत राहिले. त्यांचे घर, जमीनजुमला, सोयरीक हैदराबादेत. राज्य मात्र मुकल्ल्यात. गावी राहिलेल्या शेतकऱ्याला आणि कोळ्याला कोणी विचारले नव्हते. दूरच्या पैशाने देश उभा राहतो तेव्हा त्या देशाचा नकाशा पैसा देणाऱ्याच्या वैरांप्रमाणे आखला जातो. तो पैसा नसता तर ही भांडणे टोळ्यांच्या ताकदीने जितकी पेटायची तितकीच पेटली असती.

पण एवढ्यावर थांबलो तर अन्याय होईल. आता जावाकडे वळू. डच ईस्ट इंडीजमध्ये १९३० च्या शिरगणतीत ७१ हजारांच्या आसपास अरब होते, बहुतेक सारे हद्रमी. डचांनी त्यांना बरीच वर्षे वेगळ्या मोहल्ल्यांत राहायला लावले होते. प्रवासालाही परवाना लागे. या मोहल्ल्यांत शाळा निघाल्या, संस्था निघाल्या, वर्तमानपत्रे निघाली. सुराबायाहून निघणाऱ्या एका अरबी पत्राचे नावच 'हद्रमौत' होते. मायभूमीचे नाव लावलेले पत्र मायभूमीपासून हजारो मैलांवर छापले जात होते, आणि मायभूमीत त्या काळी छापखान्याची सोय जवळजवळ नव्हती. देश म्हणून हद्रमौतचा विचार प्रथम शाईत उतरला तो असा, परक्या बेटावर.

त्याच शाईत वैरही उतरले. सय्यदाच्या मुलीचे लग्न सय्यद नसलेल्याशी होऊ शकते का, हा वाद तिथे पेटला. सुदानहून शिक्षक म्हणून आलेले अहमद सुरकाती यांनी असा विवाह धर्माला धरून आहे असा निर्वाळा दिला. सय्यद मंडळी बिथरली, आणि १९१४ मध्ये सुरकातींच्या बाजूच्या लोकांनी 'अल्-इर्शाद' ही संस्था काढली. बापाच्या नावावर माणसाचे मोल ठरावे की विद्येवर, हा त्यातला खरा प्रश्न होता. आपल्याकडे त्याच काळात चाललेले वाद आठवले तर तो आपल्यालाही ओळखीचा वाटेल. जावातली ही फूट पत्रांतून, पैशांतून आणि परतणाऱ्या माणसांतून थेट खोऱ्यात पोचली. दोन्ही पक्षांनी सुलतानांकडे आणि इंग्रजांकडे एकमेकांच्या तक्रारी नेल्या. १९२८ मध्ये हद्रमौतच्या सुधारणेसाठी परिषद भरली ती सिंगापुरात. पण दोन तट एकत्र आले नाहीत, आणि सुधारणा कागदावर राहिली.

त्याच सिंगापूरच्या पैशाची दुसरी बाजूही आहे. तरीमचे सय्यद अबू बकर अल्-काफ यांच्या घराण्याची सिंगापुरात मोठी मालमत्ता होती. त्यांनी ती मिळकत तोफांवर खर्च केली नाही. तरीमपासून किनाऱ्यापर्यंत मोटाररस्ता बांधायला, शाळांना, दवाखान्याला आणि टोळ्यांच्या समेटाला ती लावली. १९३७ च्या सुमारास इंग्रज अधिकारी हॅरोल्ड इंग्रॅम्स यांनी खोऱ्यात जो तह घडवला, त्यावर हजाराहून अधिक टोळीप्रमुखांच्या सह्या झाल्या. त्यामागे अल्-काफ यांची मध्यस्थी आणि त्यांची थैली होती. म्हणून दूरच्यांचा पैसा म्हणजे आगीत तेल, असा सरसकट नियम करता येत नाही. पैसा कोणाच्या हाती आहे आणि त्याला गावच्या माणसाची गरज दिसते की स्वतःचा मान, यावर सारे ठरते.

तिसरे उत्तर दिले ते अब्दुर्रहमान बास्वेदान यांनी. जन्म १९०८, सुराबायाच्या अरब मोहल्ल्यात. पेशाने पत्रकार. १९३४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी एक लेख लिहिला, आणि सोबत आपले छायाचित्र छापले ते डोक्याला जावानी पागोटे बांधून. मोहल्ल्यात खळबळ उडाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आमच्या आया इथल्या, आमची भाषा इथली. तेव्हा आमची मायभूमी इंडोनेशिया, हद्रमौत नव्हे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सेमारांग येथे तरुण अरबांनी तशी शपथ घेतली आणि बास्वेदान यांनी अरबांची नवी संघटना उभी केली. विशेष म्हणजे सय्यद आणि इर्शादी हे दोन्ही तट तिथे एकत्र बसले. मायभूमीचे भांडण मायभूमी बदलल्यावर मिटू लागले, असे म्हणायला हरकत नाही. पुढे १९४७ मध्ये इजिप्तने स्वतंत्र इंडोनेशियाला मान्यता दिली, तेव्हा कैरोला गेलेल्या इंडोनेशियन मंडळात बास्वेदान होते. त्या कराराचा कागद मायदेशी घेऊन आले तेही तेच. त्यांचे अरबीपण वाया गेले नाही. नव्या देशाच्या कामी आले.

मग हद्रमौतचे काय झाले? १९४२ मध्ये जपानने जावा घेतले आणि मनीऑर्डरी थांबल्या. १९४३-४४ मध्ये खोऱ्यात दुष्काळ पडला आणि माणसे अन्नावाचून मेली. पाऊस आधीही चुकत असे. पण या वेळी धान्य विकत घ्यायला जावाचा पैसा नव्हता. चाळीस-पन्नास वर्षे परदेशी पैशावर उभ्या राहिलेल्या संसाराचा पाया किती पोकळ होता, ते एका फटक्यात दिसले.

आणि १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात आले. ती हकीकत आपल्या घराघरांत आहे. माझे वडील जिंतूरचे. आमच्या आजोबांच्या दुकानावर रात्री पहाऱ्याला एक चाऊस असे. रझाकारांच्या दिवसांत गावाला अरबांची धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती. पण हा म्हातारा तीस वर्षे आमच्या ओट्यावर झोपलेला. पोलीस कारवाईनंतर अनेक अरबांना छावण्यांत ठेवले गेले आणि पुष्कळांना जहाजाने अरबस्तानात धाडले गेले. आमचा पहारेकरीही एके दिवशी नेला गेला. वडील सांगत, त्याने जाताना विचारले, "शेटजी, मला कुठे परत पाठवतात? मी तर तिथून आलोच नाही." आजोबांनी त्याच्यासाठी शब्द टाकला नाही. ते भ्याले होते. ही गोष्ट वडील शेवटपर्यंत मान खाली घालून सांगत. १९४८-४९ मध्ये हद्रमौतवर पुन्हा दुष्काळाचे सावट होते, हे मला फार उशिरा वाचनात कळले. ज्याला 'परत' म्हणतात ती जागा त्याच्यासाठी कशी असेल, याचा विचार तेव्हा आमच्या घरात कोणी केला नव्हता.

कुऐती सुलतानांचे राज्य १९६७ च्या सप्टेंबरात संपले, नोव्हेंबरअखेर दक्षिण येमेन स्वतंत्र झाले. पुढच्या साऱ्या उलथापालथी तुम्ही वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत. २०१५ मध्ये अल्-कायदाने मुकल्ला घेतले आणि वर्षभर ताब्यात ठेवले, तेव्हा बारकसच्या चहाखान्यांत रोज त्याचीच चर्चा असे.

वाचकहो, आपणही पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेले लोक आहोत. सीमेवरच्या आपल्या बांधवांची गोष्ट वेगळी. ते कुठे गेलेच नाहीत, रेषा त्यांच्यावरून गेली. पण इंदूर, बडोदा, हैदराबादेतल्या आपल्या घरांत पुण्या-सातारची जी चित्रे आहेत, ती आजोबांनी निघताना पाहिलेली आहेत. तिथल्या वादात आपण मत देतो तेव्हा आपण जुन्या चित्राकडे बघून बोलतो की आजच्या माणसाकडे, हे एकदा तपासावे. परिणाम भोगायचा नसला की मत कडक होते. हद्रमी जमादारांचे तसे झाले, आणि माझ्या त्या वृद्ध रोग्याचेही तसेच होते.

तरी त्यांना मी हसत नाही. शेवटच्या भेटीत मी त्यांना विचारले, उद्या जायला मिळाले तर जाल का? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जाके क्या करूं? वहां मेरेकू कौन पहचानता?" आणि लगेच पुढच्या महिन्याच्या पुड्या मागितल्या.