नाणे कोणाचे आणि जामीन कोण?

राज्यसत्तेची जी लक्षणे इतिहासाने प्राचीन काळापासून मानली आहेत, त्यांत नाणे पाडण्याचा अधिकार अग्रभागी आहे. ज्याच्या नावाचा खुतबा मशिदीत वाचला जातो आणि ज्याच्या नावाचा सिक्का बाजारात चालतो तो बादशहा, अशी मध्ययुगातील समजूत होती. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकानंतर होन आणि शिवराई चालविली, तीही केवळ देवघेवीच्या सोयीसाठी नव्हे. या जुन्या अधिकारासमोर आपल्या काळात एक नवाच प्रतिस्पर्धी उभा राहिला आहे. २००९ साली सुरू झालेले बिटकॉइन कोणत्याही टांकसाळीतून निघत नाही. त्याचा जनक सातोशी नाकामोतो हे एक टोपणनाव असून त्यामागील व्यक्ती जगास अज्ञात आहे. ही नाणी एकंदर २ कोटी १० लाखांहून अधिक निघणार नाहीत, असा नियम गणिताने बांधून ठेवला आहे, आणि कोणत्याही सरकारास तो हुकमाने बदलता येत नाही. अशा चलनास जगातील राष्ट्रे कायदेशीर चलन म्हणून स्वीकारतील काय, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. भविष्य वर्तविणे हा आमचा विषय नव्हे. परंतु दोन राष्ट्रांनी हा प्रयोग करून पाहिला आणि दोघांनीही पाऊल मागे घेतले, तेव्हा प्रश्न आता इतिहासाच्या कक्षेत आला आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करणे बरे. दोन माणसांनी संमतीने सोने, धान्य किंवा बिटकॉइन देऊन-घेऊन व्यवहार मिटविला, तर तेवढ्याने ती वस्तू कायदेशीर चलन होत नाही. ज्या द्रव्याने ऋण फेडू केले असता धनकोस ते नाकारता येत नाही, ते कायदेशीर चलन. म्हणजेच या शब्दात सक्ती अंतर्भूत आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा कोषागाराशी निकटचा संबंध येतो. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नर धारकास रक्कम देण्याचे वचन देतात. एक रुपयाच्या नोटेवर असे वचन नसते, कारण ती भारत सरकार स्वतः काढते आणि तीवर वित्त सचिवांची सही असते, हे त्यांना सांगावयास नको. वचन लिहिलेले असो वा नसो, दोन्ही नोटांच्या मागे एक जामीन उभा आहे आणि त्याचा पत्ता सर्वांस ठाऊक आहे. बिटकॉइनच्या मागे असा जामीन नाही. त्याचे पुरस्कर्ते हाच त्याचा मोठा गुण मानतात. जामीनच नसेल तर जामिनाची लबाडीही नाही, असे त्यांचे म्हणणे. राजांनी नाण्यांत मिसळलेले हीण आणि सरकारांनी भरमसाट छापलेल्या नोटा ज्यांस आठवतात, त्यांना हा युक्तिवाद सहजी झिडकारता येणार नाही.

केवळ हुकमाने चलन चालविता येते काय, हा प्रश्न मात्र बिटकॉइनहून फार जुना आहे. १२९४ साली इराणातील मंगोल राजा गैखातू याची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा वजीर सद्रुद्दीन झंजानी याने चीनमधील कुब्लाईखानाच्या कागदी चलनाचे अनुकरण करण्याचा सल्ला दिला. तब्रीझ येथे कागदी नोटा निघाल्या आणि त्या नाकारणाऱ्यास देहान्ताची शिक्षा जाहीर झाली. परिणाम असा की, दुकानदारांनी नोटाही घेतल्या नाहीत आणि नकारही दिला नाही. त्यांनी दुकानेच बंद केली. बाजार ओस पडले, शहरात अन्न मिळेना, आणि सुमारे दोन महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. यानंतर पस्तीस-छत्तीस वर्षांनी मुहंमद तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या किमतीची तांब्यापितळेची नाणी काढली. त्यांतील काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीत पाडली गेली. सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो, अशा आशयाचा मजकूर त्या नाण्यांवर होता. परंतु खरे-खोटे ओळखण्याचे साधन त्यांत नव्हते. घरोघरी टांकसाळ झाली, असे बरनी लिहितो. त्याच्या लिहिण्यात द्वेष आणि अतिशयोक्ती आहे हे मान्य केले, तरी खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला यात शंका नाही. अखेर तुघलकाने ती नाणी परत घेतली आणि त्यांच्या बदली खजिन्यातून सोनेचांदी दिली. तुघलकाबादेत त्या नाण्यांचे ढीग दीर्घकाळ पडून होते.

या दोन प्रसंगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. शिक्षेच्या भयाने व्यवहार बंद पाडता येतो, चालविता येत नाही. चलन चालते ते खजिना ते परत घेईल आणि त्याच मोलाने घेईल, या भरवशावर. तुघलकाची योजना फसली. पण त्याने स्वतःच्या नाण्याची जबाबदारी टाळली नाही, हे त्याच्या टीकाकारांनीही ध्यानात ठेवावयास हवे. हीच कसोटी हाती घेऊन आपण मध्य अमेरिकेतील प्रयोगाकडे वळू.

एल साल्वाडोर हा साठ-पासष्ट लाख वस्तीचा छोटा देश. १८९२ पासून त्याचे कोलोन हे स्वतःचे चलन होते. नाव अर्थातच कोलंबसावरून. १ जानेवारी २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को फ्लोरेस यांच्या कारकीर्दीत ८.७५ कोलोनला एक डॉलर हा भाव कायम करून अमेरिकी डॉलर तेथे कायदेशीर चलन झाला, आणि कोलोन हळूहळू व्यवहारातून नाहीसा झाला. महागाई आटोक्यात राहिली, व्याजाचे दर उतरले. परंतु चलन काढण्याचा अधिकार दूर वॉशिंग्टनला गेला आणि तेथील निर्णयांत या देशास मत नव्हते. देशाचा मोठा आधार म्हणजे अमेरिकेत राबणाऱ्या त्याच्या लेकरांनी घरी पाठविलेला पैसा; राष्ट्रीय उत्पन्नाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक या मार्गाने येतो. घरापासून दूर नोकरी करून दरमहा गावी पैसे धाडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी मनीऑर्डरीच्या पावत्या जपून ठेवल्या, त्या आमच्या वाचकांस विस्ताराने सांगण्याची गरज नाही. मधल्या दलालांनी घेतलेला प्रत्येक डॉलर एखाद्या घरच्या चुलीतून काढलेला असतो.

राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले. जून २०२१ मध्ये त्यांनी बिटकॉइन कायद्याची घोषणा केली आणि काही दिवसांतच ८४ पैकी ६२ मतांनी विधिमंडळाने तो संमत केला. ७ सप्टेंबर २०२१ पासून तो अमलात आला. बिटकॉइन देऊ केल्यास प्रत्येक व्यावसायिकाने ते स्वीकारलेच पाहिजे, असे त्याचे सातवे कलम सांगत होते. कर बिटकॉइनमध्ये भरता येत होते. डॉलरमधील जुनी कर्जेही त्याने फेडता येत होती. सरकारने ‘चिवो’ नावाचे मोबाइल पाकीट काढले आणि ते घेणाऱ्या प्रत्येक नागरिकास ३० डॉलर देऊ केले. बिटकॉइनचे तत्काळ डॉलर करून देता यावेत, म्हणून १५ कोटी डॉलरचा निधी बाजूस ठेवला.

या कायद्याची खरी परीक्षा त्याच्या कलमांतच दडली होती. हिशेबाचे मूळ एकक डॉलरच राहील, असे कायदा स्वतःच सांगत होता. सरकारी पगार आणि निवृत्तिवेतन डॉलरमध्येच मिळत राहील, अशी ग्वाही सरकारने दिली. ज्या नाण्यात सरकार आपल्या कारकुनाचा पगार देऊ इच्छीत नाही, ते भाजीवाल्याने निःशंकपणे घ्यावे, ही अपेक्षा विसंगत होती. आणि १५ कोटींचा तो निधी कशासाठी होता? बिटकॉइन हाती येताच लोक डॉलर मागतील, हे सरकार जाणून होते म्हणूनच ना?

कायदा लागू झाला त्याच दिवशी बिटकॉइनचा भाव ५२ हजार डॉलरवरून सुमारे ४३ हजारांपर्यंत कोसळला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ६८ हजारांच्या वर गेला आणि पुढच्या नोव्हेंबरात १६ हजारांच्या खाली आला. लोकांनी काय केले, हे अर्थशास्त्रज्ञ अल्वारेझ, अर्हेन्ते आणि व्हान पॅटन यांनी १,८०० कुटुंबांची पाहणी करून तपासले. बहुतेकांनी ते ३० डॉलर खर्च केले आणि मग पाकिटाकडे पाठ फिरविली. बिटकॉइन घेणारे व्यवसाय पाचांत एक एवढेच आढळले. ज्यासाठी सारा खटाटोप, त्या परदेशातून येणाऱ्या पैशापैकी २०२२ साली शेकडा दोन डॉलरही या मार्गाने आले नाहीत. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला आणि सरकारने घेतलेल्या साठ्याची किंमत फुगली. तरी लोक त्याने बाजारहाट करू लागले नाहीत. यात नवल नाही. जे उद्या चढेल ते कोणी खर्च करीत नाही आणि जे उद्या उतरेल ते कोणी घेत नाही. पोटाला लागणाऱ्या मिठापिठाचा भाव ज्यात सांगावयाचा, ते मोजमाप स्थिर असावे लागते.

शेवटचा निर्णय सावकाराच्या दारी झाला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२२ मध्येच कायदा मागे घेण्याचा सल्ला दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये १४० कोटी डॉलरच्या कर्जाचा प्राथमिक करार झाला, तेव्हा ती अट ठरली. २९ जानेवारी २०२५ रोजी विधिमंडळाने ५५ विरुद्ध २ मतांनी कायदा दुरुस्त केला. स्वीकाराची सक्ती गेली आणि करभरणाही बंद झाला. राज्य आपल्या संग्रहात बिटकॉइन ठेवू शकते, लोक खुशीने देवघेव करू शकतात. पण आरंभी सांगितलेल्या व्याख्येनुसार कायदेशीर चलनाचा प्राण त्यातून निघून गेला.

दुसरा प्रयोग मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचा. राष्ट्राध्यक्ष तुआदेरा यांच्या सरकारने एप्रिल २०२२ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले. वीज आणि इंटरनेट यांचीच जेथे वानवा, तेथे हे चलन चालणार कसे, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. हा देश इतर पाच देशांसह सीएफए फ्रँक वापरतो आणि त्यांची मध्यवर्ती बँक सामाईक आहे. शेजाऱ्यांना न विचारता उचललेले हे पाऊल मार्च २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

या दोन्ही देशांत एक साम्य आहे, आणि आमच्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. दोहोंपैकी कोणाचीही टांकसाळ स्वतःच्या हाती नव्हती. एकाचे चलन वॉशिंग्टनच्या हाती, दुसऱ्याचे सामाईक बँकेच्या. बिटकॉइन स्वीकारताना त्यांना स्वतःचे असे काही सोडावे लागले नाही. ज्यांच्या हाती टांकसाळ आहे, त्या राष्ट्रांचे वर्तन निराळे आहे. अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये जप्त केलेल्या बिटकॉइनचा राखीव साठा करण्याचा आदेश काढला. कायदेशीर चलनाचा दर्जा मात्र दिला नाही. तिजोरीत सोने ठेवणे वेगळे आणि भाजीवाल्यावर सोने लादणे वेगळे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे निर्बंधक परिपत्रक रद्द केले, त्यामुळे अशा चलनाची खरेदी-विक्री करणाऱ्यांना बँकांची दारे पुन्हा उघडली. २०२२ च्या अर्थसंकल्पाने त्याच्या नफ्यावर शेकडा ३० कर बसविला. परंतु त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने स्वतःचा डिजिटल रुपया प्रायोगिक स्वरूपात काढला. तंत्र नवे घेतले, जामीन जुनाच ठेवला.

स्वतःचे चलन राखणे ही साधी गोष्ट नव्हे, हे मराठवाड्यातील जुन्या पिढीस ठाऊक होते. निजामी राज्यातील हाली सिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया यांत सात हालीस सहा कलदार असा भाव होता, आणि सरहद्द ओलांडणाऱ्यास तो पदोपदी मोजावा लागे. तरीही तेथे दोन्ही नाण्यांमागे ज्याच्या दारी जाऊन जाब विचारता येईल असा खजिना होता, आणि भाव ठरलेला होता. सकाळचा भाव संध्याकाळी टिकेल की नाही, ही चिंता भाजीवाल्यास नव्हती.

म्हणून आमचे अनुमान असे की, एखादे राष्ट्र पुन्हा हा मार्ग धरील तर ते बहुधा ज्याचे चलन कोसळले आहे किंवा ज्याने ते परक्याच्या हाती दिले आहे, असेच असेल; आणि त्याचा खजिना पगार व कर दुसऱ्याच चलनात मोजत राहील तोवर तो कायदा कागदावरच राहील. एल साल्वाडोरचा उपाय चुकला. त्याचे दुखणे मात्र खरे होते. दूरदेशी राबणाऱ्याचा पैसा घरी पुरतेपणी पोहोचावा आणि छोट्या राष्ट्रासही आपल्या चलनाविषयी मत असावे, या मागण्या बिटकॉइनबरोबर संपलेल्या नाहीत. त्या पुऱ्या करण्याचे काम जामीन राहू शकणाऱ्या संस्थांचे आहे. त्यांनी ते टाळले, तर जामीन नसलेल्या नाण्याकडे लोकांची नजर पुन्हा वळेल, आणि त्याबद्दल त्या लोकांस दोष देता येणार नाही.