भोकांचं विमान

मागच्या उन्हाळ्यात इथे अमेरिकेत एका शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये अर्धा दिवस पोलादी ठोकळा धरून उभा होतो. हा गृहस्थ घरी विमान बांधतोय. हो मंडळी, खरं, बसून उडायचं, ॲल्युमिनियमचं! बाहेरून तो रिव्हेट गन चालवणार, आतून मी ठोकळा दाबून धरणार. एकट्याचं काम नाही ते. संध्याकाळी हाताला मुंग्या आलेल्या. आई फोनवर म्हणाली, "तू धरलेल्या पंखावर कोण बसणार रे बाबा?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मग या किटांचा इतिहास वाचत बसलो.

ओरेगनच्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेनने १९६५ च्या सुमारास स्वतःच्या छोट्या विमानाचे पंख काढून ॲल्युमिनियमचे नवे बसवले. ते आरव्ही-१. मग १९७१ मध्ये एकट्यापुरतं आरव्ही-३ उडालं आणि १९७३ मध्ये व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी निघाली. तिकडचा नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं, तरच विमान 'घरी बांधलेलं' ठरतं.

सुरुवातीला किटमधले बरेचसे पत्रे कोरेच यायचे. पट्टी-पेन्सिलने आखा, भोकं पाडा. सांगाडा चौकटीत नीट बसवला नाही की पंखाला पीळ! पुढे १९९० च्या दशकात कंपनी भोकं पाडूनच पत्रे देऊ लागली. भोकाला भोक जुळलं की पंख सरळ. माझ्या मते खरी क्रांती हीच. इंजिन वगैरे सगळं नंतर. आजवर दहा हजारांहून जास्त आरव्ही उडाली आहेत.

आणि गंमत बघा, घात केला तोही भोकानेच. कोविडनंतर मागणी इतकी वाढली की काही पत्रे लेझरने कापून घेतले गेले. त्या भोकांच्या कडेला बारीक खाच राहायची. रिव्हेटचं डोकं पत्र्यात बसावं म्हणून भोकाला खळगी पाडली की तिथून तडा. बांधणारे हादरले. २०२३ च्या डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरी कायद्याचा आसरा घेतला, किटांच्या किमती वाढवल्या आणि २०२४ मध्ये त्यातून बाहेर आली. वर्षानुवर्षं शनिवार-रविवार घातलेल्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल!

आमच्या शेजाऱ्याचं किट त्याच्या बरंच आधीचं. तरी तो प्रत्येक भोक भिंगातून बघतो. विचारलं तर म्हणाला, मागच्या सीटवर बायको बसणार आहे.

असो. या शनिवारी उजवा पंख आहे, सकाळी आठला बोलावलंय.