लोकसंख्या, पाणी आणि जन्मदर: आकडे काय सांगतात?

निवडणूक जवळ आली की लोकसंख्येचा विषय निघतो आणि मोबाईलवर मेसेज फिरायला लागतात. घरातली मुलं त्यावर प्रश्न विचारतात. त्यांना उत्तर देता यावं म्हणून ही थोडक्यात माहिती.

जग आणि भारत

सन १८००च्या सुमारास जगात साधारण १०० कोटी माणसं होती. संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी हा आकडा ८०० कोटींवर गेला. भारतात १९५१च्या जनगणनेत ३६ कोटी लोक होते, २०११ मध्ये १२१ कोटी. २०२३ मध्ये आपण चीनलाही मागे टाकलं. ही वाढ कायम राहणार नाही. २०२४च्या अंदाजानुसार २०८०च्या दशकात जगाची लोकसंख्या १,०३० कोटींच्या आसपास पोहोचेल आणि मग हळूहळू घटू लागेल.

मर्यादा कुठे आहे?

लोकसंख्या धान्यापेक्षा वेगाने वाढते, असं इंग्लंडच्या माल्थसने १७९८ मध्ये लिहिलं. १९६८ मध्ये अमेरिकेच्या पॉल एर्लिक यांनी, १९७०च्या दशकात कोट्यवधी लोक भुकेने मरतील, असं भाकीत केलं. तसं घडलं नाही. सुधारित बियाणं, खतं आणि सिंचनामुळे धान्य वाढलं. पण त्याची किंमत पाण्याने चुकवली. जगात जमिनीतून उपसल्या जाणाऱ्या पाण्यापैकी साधारण पाव हिस्सा एकटा भारत उपसतो. सरकारी आकड्यांनुसार १९५१ मध्ये माणशी वर्षाला ५,१७७ घनमीटर पाणी उपलब्ध होतं, २०११ मध्ये १,५४५. हा आकडा १,७०० च्या खाली गेला की पाण्याची ओढ सुरू झाली, असं मानतात.

माणसं किती आणि वापर किती?

फक्त डोकी मोजून भागत नाही. एक अमेरिकन माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, एक भारतीय साधारण २ टन. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तिथे दुष्काळ होताच, पण मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या भागात उसासारखं तहानलेलं पीक घेणं हेही एक कारण होतं. त्याचा दोष कुणाच्या घरातल्या मुलांच्या संख्येवर टाकता येत नाही.

मुस्लिमांचा जन्मदर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुलं होत, २०१९-२१ मध्ये २.३६. याच काळात हिंदू स्त्रियांचा आकडा ३.३ वरून १.९४ वर आला. म्हणजे घट दोन्हीकडे आहे, मुस्लिमांत जास्त आहे आणि फरक कमी होत चाललाय. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ पुरतो. २०१९-२१ मध्ये देशाचा आकडा २.०, महाराष्ट्राचा १.७, बिहारचा ३.० होता. तरी काही वर्षं लोकसंख्या वाढत राहणार, कारण तरुणांची संख्या मोठी आहे.

कमी कशाने होतो?

जबरदस्तीने नाही. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली आणि कुटुंब नियोजनावरचा लोकांचा विश्वासच उडाला. इराणमध्ये १९८०च्या दशकात स्त्रीमागे सहाहून जास्त मुलं होती, २०००च्या सुमारास दोनच्या आसपास. तिथे गावोगावी आरोग्य केंद्रं झाली, गर्भनिरोधकं मोफत मिळाली, मुली शाळेत गेल्या. बांगलादेशातही आरोग्यसेविका घरोघर फिरल्या आणि जन्मदर खाली आला.

आपल्याकडचं सर्वेक्षणही तेच सांगतं. शाळेत न गेलेल्या स्त्रीला सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेल्या स्त्रीला १.८. म्हणून पालकांना एवढंच सांगणं आहे, दहावीनंतर मुलीची तालीम थांबवू नका. आणि पुढचा मेसेज आला की भांडण करू नका, हे आकडे समोर ठेवा.