इंग्रजीच्या वर्गाचा उंबरठा



सुरत शहराच्या लिंबायत भागात मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतून कापडाच्या धंद्यामागे आलेली ही कुटुंबे येथे स्थायिक झाली. येथील मुलाच्या कानांवर घरी अहिराणी पडते, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी. सुरतेची महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते. त्यामुळे अक्षरओळख मायबोलीतून होते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु हा मुलगा महाविद्यालयाच्या दाराशी पोहोचला म्हणजे आणखी एक भाषा त्याची वाट अडवून उभी राहते. ती भाषा इंग्रजी होय. इंग्रजीच्या कोणत्या वर्गात कोणी बसावे, आणि ते कोणी व कशावरून ठरवावे, हा प्रश्न वरवर कचेरीतल्या कारकुनी कामाचा वाटतो. वस्तुतः त्याला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एका मराठी पित्याचेही नाव आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. दोन वर्षांनी, १८५९ मध्ये, पहिली प्रवेशपरीक्षा घेण्यात आली. तीस १३२ विद्यार्थी बसले आणि अवघे २२ उत्तीर्ण झाले. त्या बावीस जणांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, हे आपण अभिमानाने सांगतो. उरलेल्या एकशे दहा जणांचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पुढे मॅट्रिक या नावाने घरोघरी ठाऊक झालेल्या या परीक्षेने कित्येक पिढ्यांचे भवितव्य ठरविले, आणि तीत इंग्रजीचा पेपर हा सर्वांत मोठा अडसर असे. गणितात वा संस्कृतात तरबेज असलेला मुलगा इंग्रजी निबंधात अडखळला की बाहेर राही. विद्यापीठाने घातलेले ते एक कुंपण होते. ज्याला ते ओलांडता येत नसे, त्याला ओलांडावयास शिकविण्याची जबाबदारी विद्यापीठ आपली मानीत नसे.

ही अडचण परकी भाषा शिकणाऱ्या आपल्यासारख्यांचीच होती, असे मात्र नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १८७४ च्या सुमारास प्रवेशार्थी विद्यार्थ्यांकडून इंग्रजी निबंध लिहून घेण्यास प्रारंभ केला. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, अशा सुखवस्तू घरांतील मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले त्या परीक्षेत नापास झाली. तेथील अध्यापक अस्वस्थ झाले, शाळांवर पुष्कळ टीकाही झाली. परंतु पुढे १८८५ साली त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी लेखनाचा एक स्वतंत्र वर्गच सुरू केला. विद्यार्थ्याने सतत लिहावे, अध्यापकाने ते तपासावे आणि विद्यार्थ्याने पुन्हा लिहावे, अशी त्या वर्गाची रीत होती. तेथूनच प्रथम परीक्षा घेऊन मुलाची तयारी पाहावी आणि त्या मानाने त्याला योग्य त्या वर्गात बसवावे, हा प्रघात अमेरिकेतील विद्यापीठांत पसरला. त्यातही दोष होते. खालच्या वर्गात बसविलेल्या मुलाला कमीपणा वाटे. तथापि कुंपणाच्या आत एक पायरी बांधली गेली, ही गोष्ट निर्विवाद आहे.

आता आपण पुन्हा गुजरातेकडे वळू. सुरतेचे जुने महाविद्यालय १९१८ साली निघाले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. १९४९ मध्ये गुजरात विद्यापीठाचा कायदा झाला आणि सुरतेची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. गुजराती अथवा हिंदी ही शिक्षणाची व परीक्षेची माध्यमे व्हावीत, अशी त्या कायद्याची दिशा होती, आणि इंग्रजीला काही वर्षांचीच मुदत दिलेली होती. या धोरणामागे गांधीजींची शिकवण होती. ज्या भाषेत मूल विचार करते त्याच भाषेत त्याने ज्ञान घ्यावे, हा विचार थोर आहे. आपण मराठी लोक महाराष्ट्रात मराठीचा आग्रह धरतो. तेव्हा गुजरातने गुजरातीचा आग्रह धरला म्हणून त्याला बोल लावण्याचा अधिकार आपणास नाही.

मात्र सीमेपलीकडच्या मराठी मुलाचा पेच यातूनच निर्माण झाला. अशाच एका मुलाची हकिकत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेली आहे. मार्च १९६० मध्ये तो शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला. त्या परीक्षेतील काही विषय त्याने आपल्या मातृभाषेतून, म्हणजे मराठीतून, दिले होते. अहमदाबादेच्या महाविद्यालयात त्याला पहिल्या वर्षासाठी इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत प्रवेश मिळाला. वर्ष पुरे झाल्यावर त्याने पुढील वर्गासाठी अर्ज केला, तेव्हा विद्यापीठाच्या सुधारलेल्या नियमांकडे बोट दाखविण्यात आले. विद्यापीठाने कळविले ते असे, की परीक्षेची उत्तरे इंग्रजीत लिहिण्यास हरकत नाही, मात्र इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसता येणार नाही. म्हणजे व्याख्याने एका भाषेत ऐकावयाची आणि उत्तरे दुसऱ्या भाषेत लिहावयाची!

मुलाचे वडील कृष्ण रंगनाथ मुधोळकर यांनी उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. विद्यापीठाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि २१ सप्टेंबर १९६२ रोजी त्या न्यायालयाने आपला निर्णय दिला. गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठाला दिलेला नाही, असे बहुमताने ठरले. शिक्षणाचे माध्यम आणि शिक्षणाचा दर्जा यांचा जेथे निकटचा संबंध येतो, तेथे केंद्राचा अधिकार वरचढ मानावा लागेल, असेही न्यायालयाने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी मात्र वेगळे मत नोंदविले. माध्यम ठरविणे ही राज्याच्या अधिकारातील बाब आहे, अशी त्यांची भूमिका होती. दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारार्ह आहे, आणि आजही विधिमहाविद्यालयांत या खटल्याचा अभ्यास केला जातो.

या निकालाने दार उघडले, यात शंका नाही. पण दार उघडणे आणि आत बसलेल्याला शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचे शिक्षण पाचवीऐवजी आठवीपासून देण्याचे धोरण स्वीकारले गेले होते. शालान्त परीक्षा तेव्हा अकरावीअखेर होई. म्हणजे जेमतेम चार वर्षे इंग्रजी शिकलेला मुलगा इंग्रजीतील तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्र ऐकावयास बसे. त्याला वर्गात बसण्याचा हक्क न्यायालय देऊ शकले, वाक्य लिहिण्याचे सामर्थ्य देणे न्यायालयाच्या हाती नव्हते. ते काम इंग्रजी विभागांचे होते, आणि आमच्या विद्यापीठांतील इंग्रजी विभाग मुख्यतः शेक्सपिअर व मिल्टन शिकविण्यात रमले. साधा अर्ज, सुसंगत परिच्छेद, मुद्देसूद उत्तर कसे लिहावे, हे शिकविणे कमी प्रतिष्ठेचे मानले गेले.

दक्षिण गुजरातसाठी १९६० च्या दशकात सुरतेस स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि २००४ साली त्याच्या नावाशी कवी नर्मदांचे नाव जोडले गेले. लिंबायतचा मराठी मुलगा आज त्याच्याच महाविद्यालयांत जातो. त्याच्यासाठी मागणी करावयाची ती फार मोठी नाही. प्रवेशाच्या वेळी त्याला एक पानभर इंग्रजी लिहावयास सांगावे. ते पान त्याला परत पाठविण्यासाठी नव्हे, तर कोठून शिकविण्यास आरंभ करावा हे कळण्यासाठी वाचावे. त्याची आडनावावरून, शाळेच्या माध्यमावरून किंवा वस्तीवरून परीक्षा करू नये. ज्याची तयारी कमी, त्याला सर्वांत चांगला शिक्षक द्यावा, आणि तो वर्ग म्हणजे शिक्षा आहे, असे त्याला वाटू देऊ नये.

१८५९ साली परत गेलेल्या त्या एकशे दहा मुलांत आणखी एखादा रानडे नसेलच, असे कोणी सांगावे? कुंपण घालणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. शिक्षकाला मात्र तो पडला पाहिजे.