बाटली क्रमांक ५३-एन



लस घेतल्यावर माणूस दगावला तर भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न करोनानंतर आपल्या मराठवाड्यातही येऊन पोचला. मुलीच्या मृत्यूला कोविशिल्ड लस कारणीभूत आहे, असे म्हणत औरंगाबादच्या एका वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात १००० कोटी रुपये मागितले. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने केंद्र, राज्य, पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट वगैरेंना नोटिसा काढल्या. आमच्या दिंद्रुडला चर्चा झाली ती रकमेचीच. पण माझ्या मते अवघड भाग रक्कम नाही, पुरावा आहे. तो किती अवघड, हे पाहायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

१८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून ज्यांना टोचली, ते १९ जण धनुर्वाताने मेले.

चौकशी समितीने ठपका ठेवला प्रयोगशाळेवर. हाफकिन यांचे काम गेले. पण बाटली उघडली त्या दिवशी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले होते. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. जंतू परळपासूनच आत असते, तर उघडताना दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. हे सारे मांडणारे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले १९०७ साली. मग हाफकिन निर्दोष ठरले, आणि १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचेच नाव मिळाले.

इतिहासाचा मास्तर म्हणून मला एक गोष्ट खटकते. या घटनेच्या बहुतेक वर्णनांत बाटलीचा क्रमांक असतो, त्या १९ जणांची नावे नसतात. पाच वर्षे वाद चालला तो दोष कोणाचा यावर. एवढ्या मोठ्या लोकांना जे ठरवायला पाच वर्षे लागली, ते एखाद्या घरच्या माणसाने वकील लावून कसे सिद्ध करायचे?

काही देशांनी म्हणून वेगळी वाट काढली. जर्मनीने १९६१ मध्ये, इंग्लंडने १९७९ मध्ये कायदा केला. अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून १९८८ पासून स्वतंत्र निधी चालवला. लशीवर, ती ज्या रोगांसाठी असेल त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर बसतो आणि त्यातून भरपाई जाते. कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. गंमत म्हणजे तिथली सुमारे ६० टक्के भरपाई तडजोडीने मिळते. अशा तडजोडीत, लशीमुळेच इजा झाली असा निष्कर्ष सरकारने काढलेला नसतो, तरीही पैसे दिले जातात. शंकेचा फायदा कुटुंबाला!

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगितले, की लस ऐच्छिक होती, सरकारवर दायित्व येत नाही, दिवाणी न्यायालयात दाद मागावी. कायद्याने ते बरोबर असेलही. पण शाळेत सुई टोचायला पोरांना रांगेत उभे करायचे काम आम्हा मास्तरांकडेच असे. रडणाऱ्याचा दंड आम्ही धरायचो. आईबापांनी कधी कागद मागितला नाही, "गुरुजी आहेत ना" एवढ्यावर पोर पाठवले. त्या विश्वासाला ऐच्छिक म्हणायचे का?

गैरसमज नको. लस घ्यावीच. देवीचा रोग गेला तो लशीनेच. माझ्या पिढीच्या दंडावर त्याचा व्रण अजून आहे. लाखोंचा फायदा होतो, आणि क्वचित एखाद्या घरावर आघात होतो. फायदा सगळ्या गावाचा असेल तर त्या एका घराचा भार गावाने उचलावा. त्यासाठी आधी कोणाला गुन्हेगार ठरवायची गरज नाही.