मानसिक आघातातून सावरणे
मानसिक आघातातून सावरणे म्हणजे हिंसा, अत्याचार वा आपत्तीने खचलेल्या व्यक्तीने सुरक्षिततेची जाणीव व आत्मसन्मान पुन्हा मिळवण्याची प्रक्रिया होय. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' (१९९२) या ग्रंथात तिचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि जगाशी पुन्हा नाते. पहिला टप्पा ओलांडून मन मोकळे करण्याचा आग्रह धरल्यास जखम चिघळू शकते. बालपणी छळ सोसलेली व्यक्ती दोष स्वतःकडे घेते. आधार देणारेच क्रूर आहेत हे मानण्यापेक्षा आपण वाईट आहोत हे मानणे मुलाला सुसह्य वाटते. त्यामुळे नुसत्या स्तुतीने आत्मसन्मान परतत नाही. हर्मन यांच्या मते पीडिताच्या हाती निर्णय परत देणे हे सावरण्याचे पहिले तत्त्व होय. कुटुंबीय मात्र मायेपोटी अनेकदा तेच निर्णय स्वतःकडे घेतात.